कळपाबाहेरचें विशेषण

‘इग्रीजस’ हें इंग्रजी विशेषण लॅटिनमधून आलें. ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. कळपांतून वेगळा उठून दिसणारा तो ‘इग्रीजस’. मूळ अर्थ गौरवाचाच. १५९० सालीं छापलेल्या ‘टॅम्बरलेन’ नाटकांत मार्लोनें मांडलिक राजांना तें आदरानें लावलें आहे. त्याचा समकालीन शेक्सपिअर मात्र ‘सिंबेलिन’मध्यें तेंच विशेषण, स्वतःला खुनी म्हणून दूषण देणाऱ्या नायकाच्या तोंडीं घालतो. बहुधा उपरोधानें वापरतां वापरतां स्तुति गळाली व निंदा उरली. अशोकाच्या ‘देवानांप्रिय’ या पदवीचा संस्कृतांत पुढें ‘मूर्ख’ असा अर्थ झाला, तीच ही गत! आज ‘इग्रीजस’ चूक म्हणजे ढळढळीत, अक्षम्य चूक. इटालियन मनुष्य पत्राच्या मायन्यांत ‘एग्रेजो’ असें अद्यापि सन्मानानें लिहितो. पण त्याचा कित्ता गिरवून कोणीं हुशार शिष्याच्या इंग्रजी शिफारसपत्रांत हा शब्द घातला, तर बिचाऱ्याची नोकरी गेलीच म्हणावी.