वरातीतला सॅक्सोफोन, रंगभवनातला सॅक्सोफोन

हिंगोली जिल्ह्यात सॅक्सोफोन ऐकायचा तर लग्नसराई गाठावी. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा. कुठंही जरा ऐपतीचा बँड आला, की क्लॅरिनेट-ट्रम्पेटवाल्यांच्या रांगेत कधीमधी एखादा वाकड्या मानेचा, वर तोंड केलेला सॅक्सोफोन दिसतो. बँजो पार्टी आणि डीजे यांनी त्याची बरीच जागा खाल्ली, तरी तो पुरता गेलेला नाही. त्यावर वाजणारं गाणं मात्र वरातीतल्या प्रत्येकाला पाठ असतं. पाठ असतं म्हणूनच ते वाजवायचं असतं. मुखडा, अंतरा, परत मुखडा. मध्येच वाजवणाऱ्याला काही वेगळं सुचलं आणि तो गाण्याबाहेर गेला, तर नाचणारे थांबतील आणि बँडमालक डोळे वटारील.

या वाद्याचा आवाज आपल्याकडे असा गावोगाव पोचला. पण ज्या कलेपायी जगानं त्याला डोक्यावर घेतलं, ती वाटेतच राहिली. जॅझच्या मैफलीत सॅक्सोफोनवाला पुढं येतो तो गाणं वाजवून दाखवायला नव्हे. गाण्याचा सांगाडा तेवढा ठेवून त्यावर नवं गाणं तो तिथल्या तिथं, लोकांसमोर रचत जातो. ही कला महाराष्ट्रात आली आणि चांगली रुजलीही. पण मुंबईच्या मोजक्या हॉटेलांत आणि धोबी तलावच्या एका उघड्या नाट्यगृहात.

आधी वाद्याबद्दल. अंगानं पितळी असला तरी सॅक्सोफोन क्लॅरिनेटच्या कुळातला. तोंडात बोरूची एक पातळ रीड असते आणि तिच्या थरथरण्यातून सूर निघतो. बेल्जियममधल्या दिनां गावच्या अडॉल्फ सॅक्सनं 1846 साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. नजर होती लष्करी बँडांवर: मैदानात ऐकू जाईल असा दम हवा, आणि लाकडी वाद्यांची चपळाईही हवी. त्याची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, म्हणून त्याचा सूर उडी घेतो ती बरोबर एक सप्तक वर. क्लॅरिनेटची उडी सप्तक ओलांडून पुढच्या पंचमावर पडते. हा फरक कागदावर किरकोळ वाटेल, पण सुचेल ते त्याच क्षणी वाजवणाऱ्याला फार मोलाचा आहे. खालच्या सप्तकात सुचलेली तान वरच्या सप्तकात नेताना त्याची बोटं जवळपास तशीच राहतात, अंगठ्यानं एक चावी दाबली की झालं.

लष्करी बँड हिंदुस्थानात छावण्यांबरोबर पसरले. खुद्द हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ते सैन्य 1903 मध्ये हिंदी लष्करात विलीन झालं. लग्नाच्या बँडांनी देशभर गणवेश, वाद्यं आणि रांगेची शिस्त घेतली ती लष्करी बँडांकडून. ठरलेलं तेच वाजवायचं, ही सवयही बहुधा तिथूनच आली असावी.

दुसरी वाट समुद्रावरून आली. 1935 साली लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड हे अमेरिकन वादक आले. सॅक्सोफोनवादक रॉय बटलरही आला. अमेरिकेत ज्या हॉटेलांच्या पुढच्या दारातून या मंडळींना आत घेतलं नसतं, तशाच थाटाच्या हॉटेलात ते इथं मुख्य आकर्षण होते. त्यांना ऐकायला आणि पुढं त्यांच्या शेजारी बसून वाजवायला गोव्याचे तरुण होते. गोव्यात चर्चच्या शाळेत मुलाला लिहिलेलं संगीत वाचायला शिकवत, त्यामुळं कुठलीही नोटेशनची वही समोर ठेवा, हे तरुण पहिल्या फेरीत वाजवून मोकळे. वहीत नसलेलं वाजवणं त्यांनी या पाहुण्यांकडून कानांनी उचललं. मिकी कोरिया यांनी 1939 पासून सुमारे वीस वर्षं ताजचा बँड चालवला. ते स्वतः सॅक्सोफोन वाजवत. आणि टेनर सॅक्सोफोनवर नाव काढलं ते रुडी कॉटन यांनी. हे मुंबईचे पारशी, खरं नाव कावसजी खटाव.

स्वातंत्र्यानंतर हीच मंडळी दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात, अशी दोन आयुष्यं जगली. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी ‘अलबेला’ (1951) केला तेव्हा चिक चॉकलेट हा ताजचा ट्रम्पेटवाला त्यांच्या हाताशी होता. सिनेमातून सॅक्सोफोन घराघरात नेला तो कोलकात्याहून आलेल्या मनोहारी सिंग यांनी. ‘काश्मीर की कली’ (1964) मधल्या शम्मी कपूरच्या झिंगलेल्या गाण्यातला तो लडखडता आवाज त्यांचाच. सुंदर आहे, वादच नाही. पण आठ बारची, म्हणजे आठ छोट्या मापांची जागा, ती संपली की गायक, आणि टेक ओके झाला की कायमचं तेच. हिंगोलीच्या वरातीत आज जो सॅक्सोफोन वाजतो तो या गोठवलेल्या आठ बारांचा नातू आहे. त्याच वादकांनी रात्री हॉटेलात जे वाजवलं, ते बहुतेक हवेत विरून गेलं.

ते नेमकं काय असतं? समजा बत्तीस बारचं एक गाणं आहे, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा. आधी सगळे मिळून मूळ चाल एकदा वाजवतात. मग चाल बाजूला पडते, पण बत्तीस बारांचं आवर्तन आणि त्याखालच्या कॉर्ड्सचा, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरसमूहांचा, क्रम चालूच राहतो. पियानो, डबल बास आणि ड्रम्स तो धरून ठेवतात. या एका आवर्तनाला जॅझवाले कोरस म्हणतात. मिनिटाला 200 मात्रांची लय असेल तर ते 38 सेकंदांत संपतं आणि लगेच पुन्हा सुरू होतं. त्यावर सॅक्सोफोनवाल्यानं बोलायचं.

ख्याल ऐकणाऱ्याला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल: आवर्तन, सम, बढत. एका ठिकाणी मात्र खेळ पार निराळा आहे. रागाखाली तानपुऱ्याचा षड्ज हलत नाही. जॅझमध्ये पायाखालची जमीन दर एक-दोन बारांनी सरकते. ‘सा’ च्या कॉर्डवर गांधार वाजवला तर तो गोड, घरचा. तोच गांधार धरून ठेवा आणि खालची कॉर्ड मध्यमाची होऊ द्या. आता तो अधांतरी टांगलेला, हळवा वाटतो. कॉर्ड धैवताची झाली की तोच सूर तिचा पंचम होऊन निवांत बसतो. सूर एकच, अर्थ तीन. वादकाला आत्ताच्या सुराचा अर्थ कळावा लागतो, आणि दोन बारांनंतर त्याचा काय होणार हेही. अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेननं 1959 मध्ये ‘जायंट स्टेप्स’ ध्वनिमुद्रित केलं तेव्हा कॉर्ड्स इतक्या झपाट्यानं पालटत होत्या, की टॉमी फ्लॅनगनसारखा मुरलेला पियानोवादकही आपल्या पाळीला अडखळला. तो अडखळलेला तुकडा तसाच ठेवला गेला, हे मला त्या संगीताबद्दल फार काही सांगून जातं.

आपल्या जिल्ह्यात याला सर्वांत जवळचं काही असेल तर ते वारकरी कीर्तन. नरसी ही नामदेवांची जन्मभूमी मानली जाते, आणि कीर्तन कसं रंगतं हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. बुवा अभंगाचं एक चरण धरतात, दृष्टांतात शिरतात, दृष्टांतातून दुसऱ्या संतांच्या वचनात, आणि समोरच्या माणसांचे चेहरे बघत परत त्या चरणावर येतात. टाळकऱ्यांना परतायची जागा आधी कळते, म्हणून ते नेमके त्याच क्षणी उचलतात. सॅक्सोफोनवाल्याच्या मागचा ड्रमर हेच काम करतो. एकटा सॅक्सोफोन कितीही थोर असो, मागचे तिघे ऐकत नसतील तर तो नुसता रियाज.

शिवाय फुंक. पियानोवाला न थांबता वाजवू शकतो. सॅक्सोफोनवाल्याला श्वास घ्यावाच लागतो. म्हणून त्याची वाक्यं बोलण्याच्या मापाची होतात, आणि त्या वाद्याचं माणसाच्या आवाजाशी असलेलं साम्य मला तरी इथंच दिसतं, नळीच्या धातूत नाही. उरलेलं ओठांवर आहे: सूर जरा खालून घेऊन वर चढवणं, घशातून गुरगुर मिसळणं, तळाचा सूर फुंकरीइतका हलका करणं.

हे शिकायचं कसं? शंभर वर्षं एकच पद्धत चालत आली आहे. आवडत्या वादकाची रेकॉर्ड लावायची, त्याचा सोलो कानानं उतरवायचा, आधी गायचा, मग वाजवायचा, मग बाराही स्वरांना ‘सा’ मानून वाजवायचा. इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नवं गाणं मोबाइलवर ऐकून संध्याकाळच्या वरातीत बिनचूक वाजवणाऱ्या आपल्याकडच्या बँडवाल्याकडे हा कान असतोच. त्याला कधी मिळालं नाही ते म्हणजे आवर्तन धरून ठेवणारे तीन साथीदार, आणि न नाचता ऐकणारी माणसं.

अशी माणसं मुंबईत एकदा मोठ्या संख्येनं जमली. निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली पहिली जॅझ यात्रा भरवली, ती धोबी तलावच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली. त्यात अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स आला होता. त्याला मुंबई नवी नव्हती. 1960 च्या दशकाच्या अखेरीस, कीर्तीच्या भरात मैफली सोडून, तो पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन राहिला होता. त्याआधीही 1959 ते 1961 या काळात त्यानं अशीच सुटी घेतली होती आणि न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर रहदारीच्या आवाजात तासन् तास रियाज केला होता. रॉलिन्सची खासियत अशी, की तो तानांचा पाऊस पाडत नाही. दोन-तीन सुरांचा एक तुकडा उचलतो, उलटतो, ताणतो, मध्येच एखादं बालगीत वाटावं असं काही घुसवतो, आणि बऱ्याच वेळानं कळतं की सगळं त्या पहिल्या तुकड्यातूनच निघालं होतं. बड्या ख्यालाच्या श्रोत्यांना हे पचायला अवघड जाऊ नये.

गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस त्याच पिढीच्या आसपासचे. भारतीय जॅझमध्ये सॅक्सोफोनवर त्यांच्या तोडीचं नाव मला सापडत नाही. 1970 च्या ‘रागा रॉक’ या छोट्या तबकडीपासून पुढं पियानोवादक लुई बँक्स यांच्या साथीनं ते राग आणि जॅझ यांच्यामधली जागा धुंडाळत राहिले. अमेरिकेत हाच शोध त्याआधीच उलट्या बाजूनं सुरू झाला होता. नोव्हेंबर 1961 मध्ये कोल्ट्रेननं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात ‘इंडिया’ वाजवलं. त्यात दोन डबल बास आहेत आणि कॉर्ड्सची पळापळ जवळपास थांबलेली आहे. ‘जायंट स्टेप्स’ नंतर दोनच वर्षांत त्याला न हलणारा षड्ज हवासा वाटला.

हा षड्ज सॅक्सोफोनवर पूर्ण बसवला तो मंगळुरूच्या बाजूच्या कद्री गोपालनाथांनी. वडील नादस्वरम् वाजवणारे. मुलानं म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि कर्नाटक संगीतासाठी तोच धरला. चाव्यांच्या वाद्यावर गमक काढणं महाकठीण, म्हणून त्यांनी वाद्यातच फेरफार केले. 1980 मध्ये मुंबईच्या जॅझ महोत्सवात ते जॉन हँडी या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाबरोबर वाजले, तर 1994 मध्ये लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात.

पुढं बॉस्टनमध्ये जॅझ शिकणाऱ्या रुद्रेश महंतप्पा या भारतीय वंशाच्या मुलाला त्याच्या भावानं थट्टेनं गोपालनाथांची एक तबकडी दिली. नाव ‘सॅक्सोफोन इंडियन स्टाइल’. थट्टा बाजूला राहिली. महंतप्पा अमेरिकेतला आघाडीचा अल्टो सॅक्सोफोनवादक झाला, गोपालनाथांकडे येऊन बसला, आणि 2008 साली दोघांचा ‘किन्समेन’ हा अल्बम निघाला. लग्नात आणि देवळात वाजणाऱ्या वाद्याच्या घरातून आलेला माणूस त्यात जॅझवाल्याला गुरुस्थानी आहे.