विश्लेषण : एकाच खाचरात इतके बेडूक, मग खाण्यावरून भांडण का नाही?

मुंबई-गोवा आणि रत्नागिरी-कोल्हापूर हे दोन महामार्ग हातखंबा तिठ्यावर मिळतात. पावसाळ्यात या पट्ट्यातील भातखाचरे, वहाळ आणि कातळावरची डबकी रात्रभर बेडकांच्या आवाजाने भरून जातात. कोकणातल्या एका खाचराभोवती चार-पाच जातींचे बेडूक सहज दिसतात. बहुतेकांचे मुख्य खाद्य किडेच. तरी सगळ्यांचे पोट कसे भरते?

कोण काय खातो?

बेडूक भक्ष्य चावून खात नाही, अख्खे गिळतो. त्यामुळे तोंड जेवढे, तेवढा घास. पिवळा-हिरवा बुलफ्रॉग तोंडात मावेल ते गिळतो: नाकतोडे, खेकडे, छोटे बेडूक, प्रसंगी उंदराचे पिल्लूही. इवलासा मायक्रोहायला अरुंद तोंडाचा. तो मुंग्या आणि वाळवीवर जगतो. खरखरीत कातडीचा भेकही मुंग्या, वाळवी आणि भुंगेरे मोठ्या प्रमाणात खातो.

जागा कशी वाटून घेतात?

पाण्यावर टुणटुण उड्या मारत पळणारा स्किटरिंग बेडूक डबक्यात डोळे वर काढून तरंगतो आणि पृष्ठभागावरचे किडे टिपतो. छोटे क्रिकेट बेडूक बांधाच्या ओल्या गवतात असतात. झाडबेडूक झुडपांवर, कधी घराच्या भिंतीवर शिकार करतो. भेक पाण्यापासून दूर, अंगणात किंवा दिव्याखाली दिसतो. पद्धतही वेगळी. बुलफ्रॉग दबा धरून बसतो आणि मोठ्या घासाची वाट पाहतो. मुंग्या खाणारे मात्र एकामागून एक बरेच बारीक घास टिपतात.

जीभ काम कशी करते?

बहुतेक बेडकांची जीभ तोंडात पुढच्या बाजूला जोडलेली असते, त्यामुळे ती झटक्यात बाहेर उलटते. अमेरिकेतील जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले, की ही जीभ माणसाच्या जिभेपेक्षा सुमारे दहा पट मऊ असते आणि ०.०७ सेकंदाहून कमी वेळात भक्ष्य पकडते. लाळ आदळताना पातळ होऊन किड्याच्या अंगावर पसरते आणि जीभ मागे येताना घट्ट होऊन त्याला धरून ठेवते. गिळताना बेडूक डोळे मिटतो. बुबुळे खाली दबून घास घशाकडे ढकलायला मदत करतात.

पिल्लांचे काय?

बेडूकमाशांतही वाटणी असते. काही जातींची पिल्ले दगडावरचे शेवाळ खरवडतात, मायक्रोहायलाची पिल्ले पाण्यातील सूक्ष्म कण गाळून खातात. बुलफ्रॉगची पिल्ले मात्र मांसाहारी. ती इतर बेडूकमाशांनाही खातात.

एखादी जात कमी झाली तर?

इथेच खरा प्रश्न आहे. कामे वाटलेली असल्याने एकाची जागा दुसरा सहज घेत नाही. बुलफ्रॉग संपला, तर मायक्रोहायला खेकडा गिळू शकणार नाही. हा धडा देशाने एकदा घेतला आहे. बेडकांच्या तंगड्यांसाठी भारतातून मोठी निर्यात होत असे. शेतातील कीड वाढण्याच्या चिंतेमुळे १९८७ मध्ये तिच्यावर बंदी आली. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार बुलफ्रॉगची शिकार गुन्हा आहे. तरीही गोव्यात पावसाळ्यात ‘जंपिंग चिकन’ म्हणून त्याची चोरून शिकार होते.

दुसरा धोका रस्त्याचा. पहिल्या पावसात बेडूक प्रजननासाठी पाण्याकडे निघतात आणि वाहनांखाली सापडतात. रस्ता जेवढा रुंद, तेवढा तो ओलांडण्याचा वेळ आणि धोका जास्त. शिवाय कीटकनाशक फवारले, की बेडकाचे खाद्य मरते आणि विष त्याच्या पातळ, ओलसर कातडीतून अंगातही जाते.

उपाय काय?

युरोपात बेडकांच्या वाटेवर रस्त्याच्या कडेला बुटके कुंपण घालतात आणि खालून बोगदे ठेवतात. आपल्याकडे मोऱ्या गाळाने बुजू न देणे आणि पहिल्या पावसाच्या रात्री पाणथळ भागात वाहनाचा वेग कमी ठेवणे, एवढे तरी लगेच करता येईल. बांधावर थोडे गवत राखणे आणि गरज नसताना फवारणी टाळणे शेतकऱ्याच्या हातात आहे. त्याचा फायदाही त्यालाच होतो, कारण पिकावरचे किडे खाणारे हे बेडूक मजुरी मागत नाहीत.