कृष्णा नदीचा प्रवाह व पर्जन्यमानातील दीर्घकालीन बदल

कृष्णा नदीच्या वार्षिक प्रवाहावर पर्जन्यमानातील दीर्घकालीन बदलांचा मोठा प्रभाव पडतो. सुमारे २,५९,००० चौ. किमी क्षेत्रफळाच्या या खोऱ्याला बर्फाचे पाणी मिळत नाही; नदी जवळजवळ संपूर्णपणे मोसमी पावसावर अवलंबून आहे. उगमाजवळ महाबळेश्वर येथे वर्षाला सरासरी ५,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील पर्जन्यछायेतील माण, सांगोला या तालुक्यांत तो साधारण ५०० मिमीच्या आसपास असतो. त्यामुळे घाटमाथ्याच्या अरुंद पट्ट्यातील पावसाला प्रवाहाच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे.

पाऊस व प्रवाह यांचे प्रमाण सरळ नसते. सुरुवातीचा पाऊस तापलेल्या जमिनीत मुरतो, काही बाष्पीभवनाने जातो आणि उरलेले पाणी ओढ्यांतून नदीला मिळते. पाऊस कमी झाला तरी जमिनीची गरज फारशी घटत नाही. म्हणून पर्जन्यछायेच्या प्रदेशात पावसातील दहा टक्के घट प्रवाहात बरीच मोठी दिसते. लागोपाठ कोरडी वर्षे आली तर भूजल खालावते, आणि पुढील चांगल्या पावसाचा काही भाग ती तूट भरून काढण्यातच खर्च होतो.

==कालखंडाची निवड==

भारतीय मोसमी पावसात काही दशके कमी, तर काही दशके अधिक पावसाची आढळतात. विसाव्या शतकाची पहिली दशके तुलनेने कोरडी होती, तर १९३० ते १९६० हा काळ ओला होता. साहजिकच नदीत ‘किती पाणी आहे’ याचे उत्तर कोणती वर्षे मोजली यावर ठरते. पाणीवाटपात हा प्रश्न कळीचा ठरला.

१९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादाने १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांच्या नोंदी आधारभूत मानल्या. विजयवाडा येथील ७५ टक्के विश्वासार्हतेचा प्रवाह, म्हणजे चारपैकी तीन वर्षांत किमान मिळणारे पाणी, २,०६० टीएमसी (अब्ज घनफूट) धरून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० व आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी देण्यात आले. अधिक पावसाच्या वर्षातील जादा पाणी वापरण्याची मुभा आंध्र प्रदेशास मिळाली, पण हक्क नव्हे. तुटीच्या वर्षाची झळ सर्वात खालच्या राज्याला बसते, हा त्यामागील विचार होता.

ब्रिजेश कुमार लवादाने मात्र १९६१-६२ ते २००७-०८ ही ४७ वर्षे घेतली. त्यांची सरासरी २,५७८ टीएमसी आली. जुन्या मालिकेची सरासरी २,३९३ होती. एवढ्यावरून पाऊस वाढला असे म्हणता येत नाही. धरणे व कालवे वाढल्यावर मापनकेंद्रावर दिसणारे पाणी हा नदीचा नैसर्गिक प्रवाह राहत नाही. वरच्या भागातील वापर त्यात मिळवावा लागतो, आणि या हिशेबातील अंदाज निष्कर्षात उतरतात. या लवादाने ६५ टक्के विश्वासार्हतेचे तसेच सरासरीपर्यंतचे पाणीही वाटपात आणले. त्यामुळे वाटलेले सर्व पाणी प्रत्यक्षात न मिळणाऱ्या वर्षांची संख्या वाढते. लवादाचा निवाडा राजपत्रात प्रसिद्ध करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मनाई केली.