होडीच्या कण्याला कोणती पट्टी?

बेळगावात समुद्र नाही. तेव्हा होडीवर लेख लिहिणारा प्राध्यापक पाहून विद्यार्थ्यांना थोडे नवल वाटेल. परंतु माझ्या मेहुण्यांची प्लायवुडची एक लहान डिंगी कारवारला आहे, आणि तिच्या बुडाला कोणत्या धातूची पट्टी बसवावी हे ठरविण्याचे काम, मी रसायनशास्त्र शिकवतो एवढ्याच कारणाने, माझ्याकडे आले.

अशी डिंगी पाण्यात नांगरून ठेवीत नाहीत. फेरी संपली की ती वाळूवरून ओढून वर घेतात. त्या वेळी सारा भार कीलवर, म्हणजे तळाच्या मधोमध जाणाऱ्या कण्यावर, येतो. लाकूड उघडे असेल तर वाळू ते कानशीसारखे घासते, रंग जातो आणि पाणी प्लायवुडच्या थरांत शिरते. थर एकदा सुटू लागले की तळाची दुरुस्ती म्हणजे जवळजवळ नवी होडीच बांधणे होय. ते टाळण्यासाठी कण्यावर धातूची अर्धगोल पट्टी स्क्रूने बसवितात. (गोव्याकडच्या रापणीच्या जुन्या होड्या काथ्याने शिवलेल्या असत. त्यांच्या शिवणीला गंजाची भीतीच नव्हती!)

साधे लोखंड खाऱ्या पाण्यात गंजते हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ते सोडून देऊ. मग सामान्य माणूस विचारतो, ‘न गंजणारा धातू कोणता?’ माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. पट्टी एकटी नसते. तिच्यात स्क्रू असतात आणि दोहोंना भिजविणारे खारे पाणी असते. दोन भिन्न धातू आणि वीज वाहून नेणारा द्रव एकत्र आले की विजेचा घट तयार होतो, हे आपण अकरावीतच शिकलो. या घटात अधिक क्रियाशील धातू विरघळतो आणि दुसरा वाचतो. समुद्राच्या पाण्यात जस्त सर्वांत आधी जाते, मग अ‍ॅल्युमिनियम, मग लोखंड. पितळ, तांबे व कासे त्यांच्यापुढे, आणि चांगले स्टेनलेस स्टील शेवटी. जस्ती बादलीवर ओरखडा पडला तरी आतले लोखंड काही काळ तग धरते, ते जस्त त्याच्यासाठी झिजते म्हणून.

ब्रिटिश आरमाराने हा धडा महागात घेतला. १७६१ साली ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. पुढे तपासणी झाली तेव्हा पत्रे ठीक होते, पण लोखंडी खिळे जागोजागी खाऊन गेले होते. जेथे पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद चुकून मध्ये राहिला होता, तेथले खिळे मात्र शाबूत होते. पुढे १८२४ साली हम्फ्री डेव्ही यांनी उलटा उपाय सुचविला: तांब्याला जस्ताचे वा लोखंडाचे तुकडे जोडावेत, म्हणजे ते झिजतील आणि तांबे वाचेल. तांबे खरोखरच वाचले. पण तांबे विरघळेना, तेव्हा त्याच्या विषाने दूर राहणारे शिंपले तळाला बिनधास्त चिकटू लागले आणि जहाजे मंदावली. असो.

आता आपली पट्टी. अ‍ॅल्युमिनियम हलके; १२ मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर उंच आणि ३ मीटर लांब अर्धगोल पट्टीचे वजन त्यात अर्ध्या किलोहून थोडे कमी, तर पितळेत सुमारे १.४ किलो भरते. पण ते मऊ आहे आणि खडकाळ किनाऱ्यावर लवकर झिजते. त्यात पितळी स्क्रू घातले, तर भोकांभोवती पांढरी भुकटी जमून हळूहळू पट्टी सैल होईल. स्टेनलेस स्टील झिजेला उत्तम. परंतु होडीच्या नाळेवर ते वाकविताना घाम निघतो. शिवाय त्याचे रक्षण करणारा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर टिकण्यास ऑक्सिजन लागतो. पट्टीखालच्या ओल्या, कोंदट फटीत तो मिळत नाही आणि तेथे बारीक खड्डे पडतात. ३१६ जातीच्या स्टीलमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, म्हणून ते ३०४ पेक्षा बरेच टिकते. दुकानात लोहचुंबक जोरात चिकटला तर ते स्टील घेऊच नये. मात्र न चिकटल्याने ते ३१६ ठरते असे नाही.

पितळ हाताने वाकते, वाळूला पुरेसे तोंड देते. आंबट ताक त्यात कळकते हे आपल्या आजीला ठाऊक होते. समुद्राचे पाणी त्याच्याशी निराळे वागते. ते पितळेतले जस्त तेवढे काढून नेते. मागे उरते ते सच्छिद्र, गुलाबी तांबे, आकाराने जसेच्या तसे पण भुसभुशीत. जाड पट्टीला याने वर्षानुवर्षे फारसे बिघडत नाही. बारीक स्क्रूचे मात्र डोके पिळताच तुटते.

माझा निर्णय यावरूनच झाला: पट्टी पितळेची, स्क्रू ३१६ स्टीलचे. येथे क्षेत्रफळ महत्त्वाचे. दर १५ सेंटिमीटरला एक असे २० स्क्रू धरले आणि प्रत्येकाचे डोके ८ मिलिमीटर व्यासाचे मानले, तर सर्व डोक्यांचे क्षेत्रफळ सुमारे १,००० चौरस मिलिमीटर होते. पट्टीची उघडी बाजू सुमारे ५६,५०० चौरस मिलिमीटर आहे. झीज छप्पन्न पट मोठ्या पृष्ठभागावर पसरते, म्हणून ती जाणवत नाही. हेच उलट करून पाहा: स्टीलची पट्टी आणि पितळी स्क्रू. सारा मार वीस लहान डोक्यांवर बसेल, आणि एके दिवशी ओढताना पट्टी वाळूतच राहील. पट्टी झिजली तर नवी घालता येते. तिला धरून ठेवणारा स्क्रू गुपचूप गेला तर ते कळतही नाही. होडी कायम पाण्यात राहणार असती, तर मी पट्टी व स्क्रू दोन्ही सिलिकॉन-काशाचे शोधले असते.

बसविताना स्क्रूची भोके आधी मोठी पाडून इपॉक्सीने भरावीत आणि त्यातच पुन्हा बारीक भोक घ्यावे, म्हणजे लाकडाला पाणी लागत नाही. पट्टीखाली सागरी सीलंटचा सलग थर द्यावा. डोकी पट्टीत पूर्ण बुडालेली असावीत, नाहीतर वाळू प्रथम त्यांनाच खाते. फेरीनंतर गोड्या पाण्याच्या दोन बादल्या तळावर ओताव्यात. ओल गेली की घटही थांबतो. आणि वर्षातून एकदा, होडी पावसाळ्यासाठी उलटी करून ठेवताना, मधला एखादा स्क्रू काढून पाहावा. दांडा चकचकीत असेल तर तो पुन्हा सीलंट लावून घट्ट करावा. तपकिरी डाग व खड्डे दिसले, तर सगळे वीसही बदलावेत.