केसांतले मेण कसे काढावे? केस म्हणजे सूत नव्हे, लोकर!

लग्नसराई सुरू झाली की पुण्यात कापडाच्या दुकानांत जितकी गर्दी, तितकीच सलूनमध्ये. शेरवानीचे कापड शिंप्याकडे टाकून तरुण मंडळी केस आणि दाढी वॅक्स लावून बसवून घेतात. रविवार पेठेपासून कॅम्पापर्यंत दुकानादुकानांत या वॅक्सच्या डब्या दिसतात. माल खपतो, पण तो केसांतून काढायचा कसा, हे फारसे कोणी गिऱ्हाइकाला सांगत नाही. मग घरी गेल्यावर कोणी कढत पाणी ओततो, कोणी कपड्यांची पावडर चोळतो, कोणी रॉकेलची बाटली काढतो. यात डोक्याचे आणि कधी जिवाचेही नुकसान आहे. म्हणून हा विषय.

कापडाच्या व्यापाऱ्याचा केसांशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध जवळचा आहे. कापडाची पारख करताना आम्ही एक धागा ओढून काडीने जाळतो. कागद जळाल्यासारखा वास आला तर सूत, केस जळाल्यासारखा वास आला तर लोकर किंवा रेशीम. कारण सूत वनस्पतीपासून येते, तर लोकर, रेशीम आणि माणसाचा केस हे तिन्ही प्रथिनाचे बनलेले असतात. हा एक फरक ध्यानात ठेवला तर पुढची सगळी खबरदारी आपोआप समजते.

सुताची रीत केसांना चालत नाही

इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगावच्या मागावरून उतरलेले कोरे सुती कापड पाणी लवकर पीत नाही. त्यात खळ असते आणि कापसाचे अंगचे मेणही असते. ते काढण्यासाठी प्रोसेसवाले कापड कॉस्टिक सोड्यात उकळतात. सुताला काही होत नाही, उलट ते मऊ आणि पांढरे होते. तोच सोडा पाच टक्के घेऊन त्यात लोकरीचा धागा उकळला, तर काही मिनिटांत धागा विरघळून जातो.

लोकरीतही मेण असतेच. मेरिनो मेंढीच्या कच्च्या लोकरीत ते वजनाने दहा-पंधरा टक्के, कधी त्याहून जास्त भरते. पण लोकर धुणारे कारखाने सौम्य साबणाने, पाणी न उकळता, फार न घुसळता ते काढतात. निघालेले मेण शुद्ध करून लॅनोलिन या नावाने मलमांत वापरले जाते. केसांतले मेणही याच रीतीने काढले पाहिजे. धुण्याचा सोडा आणि कपड्यांची पावडर ही सुताची औषधे आहेत. डोक्यावर चोळली तर केस खरखरीत होतात, तुटतात आणि टाळूची आग होते.

कढत पाणी का नको?

आपल्या महाराष्ट्रात कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू टेकवण्याची रीत जुनी आहे. मेणावर कुंकू दिवसभर टिकते, कारण मेण घामाला दाद देत नाही. तोच गुण केसांत अडचण होतो. मधमाशीचे मेण ६२ ते ६५ अंशांवर वितळते. आंघोळीचे पाणी ४० अंशांच्या आसपास असते आणि ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. म्हणजे मेण वितळवण्याइतके कढत पाणी डोक्यावर घेणे म्हणजे डोके भाजून घेणे. पाण्याने मेण निघत नाही. तेलात मात्र ते मऊ होऊन सुटते.

रॉकेल, पेट्रोल आणि थिनर मेण विरघळवतात हे खरे. पण त्यांची वाफ पेट घेते, छातीत जाते आणि टाळूची कातडी सोलवटते. स्वयंपाकघरात गॅस पेटलेला असतो आणि शेजारी मुलाच्या डोक्याला रॉकेल चोळणे चालू असते. हा धोका कुणीही पत्करू नये.

घरची रीत

आधी मेण कोणते ते ओळखा. चिमूटभर मेण कोमट पाण्याच्या कपात टाकून ढवळा. विरघळले तर दोनदा शाम्पू पुरे. साखर-लिंबाचे घरगुती वॅक्स केसांत चिकटले असेल तर तेही कोमट पाण्यानेच सुटते. गोळा तसाच तरंगत राहिला तर पुढील क्रम धरावा.

१. केस कोरडे ठेवा, आधी पाणी घालू नका. मेणबत्तीच्या मेणाचा गोळा असेल तर फडक्यात बर्फ घेऊन त्यावर धरा. कडक झाला की बोटांनी फोडून तुकडे काढा, ओढू नका.

२. खोबरेल तेल कोमट करा. ते २४ अंशांच्या खाली थिजते, म्हणून पुण्याच्या थंडीत बाटली गरम पाण्यात ठेवावी, आचेवर नव्हे. मेण असलेल्या जागी तेल चोळा आणि पंधरा-वीस मिनिटे थांबा.

३. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती फडक्याने पुसून घ्या. कोरे कापड घेऊ नका. मग रुंद दातांचा कंगवा टोकांकडून वर फिरवा.

४. आता शाम्पू थेट तेलावरच चोळा, पाणी नंतर. आधी पाणी घातले की तेलाचा थर तसाच राहतो. फेस आला की कोमट पाण्याने धुवा आणि पुन्हा एकदा शाम्पू लावा.

कोंढव्यासारख्या भागात अनेक घरांना टँकरचे किंवा बोअरचे पाणी असते. जड पाण्यात अंगाच्या साबणाचा चिकट थर केसांवर बसतो, म्हणून तिथे शाम्पूच बरा. पैठणी आणि शाली ज्या रिठ्याने धुतात तो रिठाही चालतो, फक्त डोळे जपावेत. गुस्लच्या वेळी पाणी केसांच्या मुळापर्यंत पोहोचणे जरुरीचे असते, तेव्हा मेणाचा थर अर्धवट ठेवू नये.

खोबरेल तेलाबद्दल आणखी एक गोष्ट. मुंबईतील मॅरिको कंपनीचे संशोधक रेळे आणि मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतले प्रथिन धुऊन जाणे खोबरेलानेच कमी झाले, असे त्यांना आढळले. कंपनी तेल विकणारी आहे हे ध्यानात ठेवूनही निष्कर्ष उपयोगाचा आहे.

गरम मेण टाळूवर सांडले असेल तर मात्र तेल लावू नये, मेण खरवडू नये. वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे डोके धरावे आणि डॉक्टरकडे जावे.

व्यापारी बांधवांसाठी

सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांप्रमाणे वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच नंबर, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी असावी लागते. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. सुरुवातीलाच बीजवॅक्स, पॅराफिन किंवा पेट्रोलेटम दिसले तर तो माल तेलाशिवाय निघणार नाही, हे गिऱ्हाइकाला तिथेच सांगावे. वेष्टनावर यातले काही नसलेला स्वस्त माल दुकानात ठेवूच नये.

आम्ही रेशमी साडी विकताना ती घरी कशी धुवावी हे दोन शब्दांत सांगतो. त्याला खर्च काही येत नाही आणि साडी टिकली की गिऱ्हाईक परत येते. वॅक्सची डबी विकणाऱ्याने आणि सलूनच्या कारागिराने एवढेच सांगावे: आधी तेल, मग शाम्पू, शेवटी पाणी, सोडा आणि रॉकेल कधीच नाही.