मोटारीतला वारा

औंढ्याच्या नागनाथाचे दर्शन घ्यावे, तेथून नामदेवांच्या नर्सीला जावे, असा बेत पुण्या-मुंबईची मंडळी बहुधा मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर करतात. म्हणजे ऐन वैशाखवणव्यात! हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला, पण ऊन मात्र दोघांचे सामाईकच राहिले. मे महिन्यात पारा ४२ अंशांपलीकडे गेला तर तेथे कोणी नवल करीत नाही. अशा वेळी मोटारीच्या काचा वर करून, एक बटण दाबून आत महाबळेश्वर करता येते. पण हे महाबळेश्वर येते कोठून, हे गाडीत बसणाऱ्या फारच थोड्यांना ठाऊक असते.

कुर्ल्याला तयार होणारी जुनी फियाट किंवा ॲम्बॅसडर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढच्या दाराची ती त्रिकोणी काच आठवत असेल. ती जरा फिरवली की वारा थेट छातीवर यायचा. त्याबरोबर रस्त्यावरची धूळही यायची, ती गोष्ट निराळी. आताच्या गाड्यांत हवा शिरते ती समोरच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून. गाडी धावू लागली की तेथे वाऱ्याचा दाब वाढतो आणि हवा आपोआप आत ढकलली जाते. गाडी उभी असली की हे काम पंखा करतो. मात्र आलेल्या हवेला बाहेरची वाट हवी. रिकाम्या बाटलीत फुंकर घालून पाहा, फुंकर उलट तोंडावरच येते! म्हणून गाडीच्या मागच्या अंगाला, सहसा दिसणार नाहीत अशा, बाहेरच उघडणाऱ्या झडपा बसवलेल्या असतात.

आता गारव्याविषयी. माठातले पाणी गार का होते, किंवा इंजेक्शनापूर्वी डॉक्टर स्पिरिट लावतात तेव्हा दंड गार का पडतो, हे ज्याला कळले त्याला मोटारीतला एसी निम्मा कळला. द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. एसीच्या नळ्यांत एक वायू असतो. पुष्कळ गाड्यांत तो आर-१३४ए असतो. एरवीच्या दाबाला तो उणे २६ अंशांवरच उकळतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो. सायकलचा पंप मारताना नळी तापते, तसाच हा वायूही तापतो. मग गाडीच्या अगदी तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे असलेल्या जाळीत बाहेरच्या वाऱ्याने तो निवतो आणि त्याचा द्रव होतो. हा द्रव एका बारीक छिद्रातून एकदम मोकळा सुटला की दाब कोसळतो, त्याची भराभर वाफ होते आणि डॅशबोर्डमागची नळ्यांची गुंडाळी बर्फासारखी गार पडते. पंखा आतली हवा तिच्यावरून फिरवतो. एसी थंडी निर्माण करीत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, एवढेच.

अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलात हे यंत्र प्रथम दिले, तेव्हा त्याने सामानाची बरीच जागा खाल्ली होती. गंमत अशी की ते बंद करायचे बटणच नव्हते. थंडी फार झाली तर उतरून, बॉनेट उघडून, हाताने पट्टा काढावा लागे! आता गार केलेल्या हवेतली थोडी हवा गरम पाण्याच्या जाळीवरून वळवून एक झडप हवे तेवढे तापमान साधते. आणि भारी गाड्यांत ती झडप किती उघडायची हे उन्हाचा अंदाज घेणारे यंत्रच ठरवते.

पण घरोघरी सांगायला हवे ते एका साध्या बटणाविषयी. गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असतो, ते बटण. ते दाबले की बाहेरची हवा बंद होते आणि आतलीच हवा पुन्हा पुन्हा गार होत राहते. ट्रकमागून जाताना, धुराळ्यात, वसमतच्या बाजूला हळदीच्या पॉलिशची धूळ उडत असताना ते उपयोगी खरे. परंतु चार-पाच माणसे तासभर तीच हवा श्वासत बसली की कर्बवायू साचतो, डोके जड होते, आणि चालकाला पेंग येते. दुपारचे जेवण उगाच बदनाम होते! गाडी गार झाली की अधूनमधून बाहेरची हवा घ्यावी.

याहून भीषण गोष्ट दुसरी. देवळापाशी रांग मोठी असते; मग आजोबांना सांगितले जाते, ‘तुम्ही गाडीतच पडा, एसी लावून.’ इंजिन चालू, काचा बंद. गाडी शेडमध्ये किंवा भिंतीला चिकटून उभी असेल, धुराची नळी कोठे फुटली असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट बिलगतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. आणि इंजिन बंद करून लहान मुलाला आत ठेवाल, तर तासाभरात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी चढते. काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. आजोबांना देवळाच्या सावलीत बसवा, पोराला कडेवर घ्या. पण गाडी रिकामी करा.

उन्हात तापलेल्या गाडीत बसताच एसी जोरात लावण्याचीही काही मंडळींना घाई असते. आधी सगळ्या काचा मिनिटभर खाली कराव्यात; कोंडलेली आग फुकटात बाहेर जाते. पावसाळ्यात समोरची काच आतून धुरकटली तर एसी चालू ठेवून बाहेरची हवा घ्यावी. गार गुंडाळीवर दमट हवेचे पाणी होते, हवा कोरडी पडते आणि काच निवळते. बाहेरून धुरकटली असेल, तर काच फार गार झाली आहे. वायपर फिरवावा आणि थंडी कमी करावी.

हेच पाणी एका नळीतून गाडीखाली ठिबकते आणि नव्या मालकाचा जीव उडवते. श्रावणात तर लहानसे थारोळेच साचते. मेच्या कोरड्या हवेत मात्र जेमतेम काही थेंब. बोट लावून पाहावे. नितळ, गार, बिनवासाचे असेल तर निघावे. तेलकट किंवा गोडसर वासाचे असेल तर हिंगोलीतच मेकॅनिक गाठावा. आणि खाली काहीच न पडता पायाशी सतरंजी ओली होत असेल, तर ती नळी तुंबलेली आहे, एवढे त्याला सांगितले तरी पुरे.