डाळीचा भाव किलोचा की पावशेराचा?

माझ्या पहिल्या प्रश्नावलीत एक रकाना होता: ‘तूरडाळ, भाव प्रति किलो’. तो मला इतका साधा वाटला की त्यावर मी मिनिटभरही विचार केला नव्हता. पुण्याजवळच्या एका वस्तीत तिसऱ्याच घरी एक बाई म्हणाल्या, “ताई, किलोनं घेतली असती तर सांगितला असता की भाव. मी पावशेर आणते.” यांना भाव माहीत नाही असं धरून मी नाक्यावरच्या दुकानातला किलोचा भाव रकान्यात भरला आणि पुढच्या घरी गेले. तुम्ही असं करू नका. का, ते सांगते.

‘कमी पैशात पोषक जेवण किती रुपयांत होतं?’ हा प्रश्न संशोधनात जुना आहे. जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने 1945 मध्ये तो गणित म्हणून मांडला. 77 खाद्यपदार्थ, 9 पोषक घटक, एक कामकरी माणूस. सगळ्या गरजा भागवून वर्षाचा खर्च कमीत कमी किती? 1939 च्या अमेरिकेतल्या भावांवर त्याचं उत्तर आलं 39.93 डॉलर. दोन वर्षांनी सिम्प्लेक्स पद्धतीने तेच गणित नीट सोडवलं, तेव्हा खर्च निघाला 39.69 डॉलर. म्हणजे नुसत्या अंदाजाने गडी 24 सेंटपर्यंत पोचला होता! पण स्टिगलरचं ताट बघा: गव्हाचं पीठ, डब्यातलं आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि वाळवलेला घेवडा, तोही वर्षाला सव्वाशे किलोच्या वर. असं जेवण कोणी कोणाला सुचवणार नाही, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

आता फक्त असंच मोजत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या 2020 च्या अन्नसुरक्षा अहवालापासून ‘पोषक आहाराचा खर्च’ हा निर्देशांक चर्चेत आला. त्यात धान्य, डाळी, भाज्या, फळं, प्राणिजन्य पदार्थ आणि तेल अशा सहा गटांतून, त्या त्या ठिकाणी मिळणाऱ्या स्वस्तातल्या पदार्थांची 2330 कॅलरींची टोपली भरतात. स्टिगलरच्या घेवड्यापेक्षा हे कितीतरी माणसातलं आहे. पण भाव येतो बाजारभावाच्या यादीतून, आणि माझी चूक नेमकी तिथली.

त्याआधी एक छोटं गणित, कारण मुलाखतीत हे हमखास विचारतात. स्वस्त म्हणजे कशाच्या हिशेबात स्वस्त? सोयीसाठी समजा दूध 60 रुपये लिटर, तूरडाळ 160 रुपये किलो, शेंगदाणे 140, सोयाबीन वडी 150 आणि अंडं 7 रुपयांना. किलो-लिटरच्या हिशेबात दूध सगळ्यांत स्वस्त दिसतं. आता 10 ग्रॅम प्रथिनांचा खर्च काढा. सोयावडी जेमतेम 3 रुपये, शेंगदाणे सुमारे 6, तूरडाळ 7 च्या थोडं वर, अंडी साधारण 12 आणि दूध जवळजवळ 19. क्रम पार बदलला. याचा अर्थ दूध बंद करा असा नाही. कॅल्शियम आणि बी-12 च्या हिशेबात हीच रांग पुन्हा बदलेल. भाजक बदलला की निष्कर्ष बदलतो, म्हणून कुठलाही पेपर वाचताना आधी भाजक शोधा.

आता पावशेराकडे या. त्याच समजुतीच्या भावात किलो डाळ 160 ला आणि पावशेर 45 ला धरा. ती बाई किलोमागे 180 रुपये मोजतेय, म्हणजे साडेबारा टक्के जास्त. माझ्या तक्त्यात मात्र तिला डाळ 160 नेच पडत होती. अशा चुका पाच-सहा पदार्थांत झाल्या की ‘पोषक आहार परवडतो’ या बाजूला अशी घरं जाऊन बसतात, ज्यांना तो परवडत नाही. आणि तो तक्ता कुठल्या योजनेच्या फायलीत गेला, तर?

मग मी परत गेले. किलोनं का घेत नाही, विचारलं. मला वाटलं होतं, रोजच्या मजुरीत एकदम एवढे पैसे नसतात. ते होतंच. पण त्या पुढे म्हणाल्या, “डबा भरलेला दिसला की हात सैल सुटतो. पावशेर असली की पाच दिवस पुरवावीच लागते.” म्हणजे जादा पैसे हा अडाणीपणा नव्हता, ती शिस्तीची किंमत होती.

गंमत म्हणजे भाजीत माझी चूक नेमकी उलटी निघाली. मी भाव सकाळी लिहून घ्यायचे. त्या बाजार उठताना जायच्या आणि उरलेले वाटे निम्म्यात आणायच्या. पालक माझ्या तक्त्यात महाग, त्यांच्या घरात स्वस्त. इंधनाचा तर रकानाच नव्हता. कागदावर छोले, राजमा परवडतात, पण “गॅस कोण भरणार?” हे मला तीन घरांनी ऐकवलं.

आता माझ्या फॉर्मवर प्रत्येक पदार्थापुढे चार रकाने आहेत: एका वेळी किती घेतलं, किती पैसे दिले, कधी, आणि कुठून. मुलाखत वीस मिनिटांनी लांबली आणि गाईड वैतागले. रेशनचं धान्य वेगळं लिहिते, कारण त्याला बाजारभाव लावला की घरखर्च फुगतो आणि शून्य लावला की पोटात गेलेलं धान्यच हिशेबातून गायब होतं.

एक रकाना अजून जमलेला नाही. घरात आलेली डाळ कोणाच्या ताटात किती गेली, हे कुटुंबाच्या पातळीवरच्या खर्चातून कळत नाही. त्याच बाईंना मी विचारलं, तुमच्या वाटीत किती येते? त्या हसल्या. “शेवटी जे राहील ते. लिहा, अर्धी वाटी.” मी अर्धी वाटी लिहिली. खरंच अर्धी होती का, हे बघायला पुढच्या फेरीत वजनकाटा घेऊन, रात्रीच्या जेवणाच्या वेळी जाणार आहे, त्यांनी येऊ दिलं तर.